न मराचा विमा

शाळेच्या फाटकात आमची गाडी थांबली की पोरं पळायची. गाडीवर मोठ्या अक्षरांत 'बाल आरोग्य तपासणी' असं लिहिलेलं होतं आणि पोरांच्या लेखी त्याचा अर्थ एकच होता : सुई. मी भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीच्या त्या पथकात औषधनिर्माता म्हणून नवा लागलो, तेव्हा पहिल्याच दिवशी निम्मी चौथी कुंपणावरून उड्या मारून धानाच्या बांध्यांकडे, म्हणजे शेतांकडे, पसार झाली. मी घाबरून आमच्या बोरकर डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर खुर्ची मागवून निवांत बसले होते.

"काळजी करू नका," ते म्हणाले. "सिस्टर आहेत ना."

सिस्टर पोरांच्या मागे गेल्या नाहीत. त्या शाळेच्या अंगणातल्या चिंचेखाली मांडी घालून बसल्या, कानाला स्टेथोस्कोप लावला, त्याचं दुसरं टोक स्वतःच्याच छातीवर ठेवलं आणि हसायला लागल्या. "अगं माय! काय वाजून रायलं व हे! बाप्पा बाप्पा!" खांदे हलवत, डोळे मिटून, एकट्याच. कुंपणावर एक डोकं दिसलं. मग दुसरं. थोड्या वेळानं एक धीट पोरगा जवळ येऊन विचारत होता, "काय वाजते जी?"

"तुह्यातबी वाजते. ऐक."

पोरानं ऐकलं आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. त्यानंतर रांग लावायला मास्तरांना ओरडावं लागलं नाही. उलट जो सगळ्यात आधी पळाला होता, तोच आता पहिल्या नंबरासाठी भांडत होता.

त्यांचं नाव इंदू रामटेके. साकोलीपासून लाखनीपर्यंत सगळे त्यांना इंदूसिस्टरच म्हणत. पन्नाशी ओलांडलेली, चांगली उंच, पांढऱ्या साडीवर हातभर हिरव्या बांगड्या घालणारी बाई. वरच्या कुणी तरी एकदा बांगड्यांबद्दल हटकलं होतं म्हणे. त्यावर त्या म्हणाल्या, "साहेब, पांढऱ्या साडीले पाहून लेकरं रडते. बांगड्या पाहून थांबते." बांगड्या राहिल्या. त्यांच्या डब्यात भाजी-पोळीच्या जोडीला तळ्यातले उकडलेले शिंगाडे असत. ते सोलून गाडीतल्या प्रत्येकाच्या हातावर एकेक ठेवल्याशिवाय त्या स्वतः खात नसत. गाडीत गाणी म्हणत, आणि इतकी बेसूर की चालक काच खाली करून हायवेवरच्या ट्रकांचे हॉर्न ऐकणं पसंत करी.

कागदाचं काम मात्र त्यांना अजिबात जमत नसे. नावं लक्षात राहत नसत. प्रत्येक पोरगा 'बापू' आणि प्रत्येक पोरगी 'माय'. संध्याकाळी मला विचारत, "भाऊ, ते पोट्टी कोणती वो? ते हसली का दात दिसते ते?" मी म्हणे, "सिस्टर, सगळ्याच पोरी हसल्या की दात दिसतात." यावर त्यांना इतकं हसू येई की पोरगी बाजूलाच राही.

पण पथकाचं खरं काम तपासणी संपल्यावर सुरू होई, आणि ते त्यांच्याशिवाय कुणाला जमत नसे. एखाद्या लेकराच्या हृदयाला छिद्र निघे, एखाद्याचा ओठ फाटलेला असे. डॉक्टर चिठ्ठी लिहीत. पिवळ्या-केशरी रेशनकार्डाच्या घरांसाठी सरकारी आरोग्य विमा होता. मोठ्या दवाखान्यातलं ऑपरेशन त्यातून होई. सांगायला किती सोपं! पण घरी जाऊन 'तुमच्या लेकराची छाती उघडायची आहे' असं आईबापांना सांगायचं, त्यांचं रडणं, चिडणं ऐकून घ्यायचं आणि तरी त्यांना नागपूरच्या गाडीत बसवायचं, हे सिस्टरांच्या वाट्याला येई.

एकोडीच्या शाळेत आम्ही गेलो तेव्हाही पोरं पळाली. एकच पोरगी पळाली नाही. तिसरीतली, बारकी, वर्गाच्या पायरीवर बसून राहिलेली. सिस्टर खूश झाल्या. "वा माय! तू भेत नाही सुईले?"

"भेतो," पोरगी म्हणाली. "पण मले पळता येत नाही. दम लागते."

तिचं नाव पायल. बोरकर डॉक्टरांनी तिच्या छातीवरचा स्टेथोस्कोप बराच वेळ उचलला नाही. नंतर आम्हाला बाजूला घेऊन म्हणाले, हृदयाला छिद्र आहे, नागपूरला न्यायलाच हवं. "आत्ता केलं तर पोरगी ठणठणीत होईल. फार उशीर केला, तर पुढे ऑपरेशनही करता येणार नाही."

संध्याकाळी आम्ही तिच्या घरी गेलो. पायलचे वडील हैदराबादकडे बांधकामावर गेलेले. घरी आई ममता आणि आजी भागरताबाई. घरातला शेवटचा शब्द आजीचा, हे अंगणात पाय ठेवताच कळत होतं. बुटकी, काटक, कपाळावर हिरवं गोंदण. सिस्टरांनी "जय भीम, आजी" केलं, आजीनं "राम राम" करून बाज टाकली. चहा आला. सिस्टरांनी सगळं समजावून सांगितलं : छिद्र, ऑपरेशन, दवाखाना. आजी मान हलवत होती. ममता दाराआड डोळे पुसत होती. सगळं सुरळीत चाललं होतं.

"आन् खर्चाची चिंता नाही बरं आजी," सिस्टर म्हणाल्या. "तुमच्या पिवळ्या कार्डावर पोरीचा विमा हाय."

आजीनं कप खाली ठेवला. "काय हाय?"

"विमा."

"निंग माह्या घरातून."

"आजी, ऐका तं..."

"माह्या जित्या नातीचा विमा काढाले आली? निंग म्हणतो ना!" आणि तिनं कोपऱ्यातला खराटा उचलला. आम्ही अक्षरशः पळालो. फाटकाशी ममतानं गाठून हळूच सांगितलं : सासरे बांधीत वीज पडून गेले, तेव्हा तेराव्याच्या आत शेतकऱ्यांच्या सरकारी अपघात विम्याचा माणूस मोटरसायकलवर आला होता, सह्या घ्यायला. त्याआधी तो शब्द या घरानं कधी ऐकला नव्हता. आजीच्या लेखी विमा घरात येतो तो प्रेताच्या मागून.

गाडीत सिस्टरांनी गाणं म्हटलं नाही की शिंगाडा सोलला नाही. मी म्हणालो, "सिस्टर, शब्दच बदलू ना. योजना म्हणू नुसतं. विमा म्हणायचंच नाही."

"नाही भाऊ," त्या म्हणाल्या. "आपण नाही म्हणू. उद्या नागपूरले तिथं कोणी तरी म्हणन, अन् बुढी पोरीले घेऊन पळन. तिचं भेव काढा लागन."

"ते कसं?"

"मले काय मालूम?"

पुढच्या रविवारी त्यांचा फोन आला. "भाऊ, तुमची मोटरसायकल हाय ना? एकोडीले सोडून द्या मले." रोवणीचे दिवस होते. सगळीकडे बायका चिखलात वाकून धान लावत होत्या. भागरताबाईंची बांधी रस्त्याला लागूनच होती. सिस्टरांनी मला थांबायला सांगितलं, चपला माझ्या गाडीवर ठेवल्या, साडी खोचली आणि सरळ चिखलात उतरल्या. आजीनं मान वर करून पाहिलं.

"तू काहून आली?"

"रोवाले."

"रोजी नाही देणार."

"कोणं मागितली?"

मला वाटलं, आता बाई सगळ्यांना मागं टाकणार. कसलं काय! लाखनीच्या बाजारपेठेत वाढलेली, बांधीत कधी न उतरलेली बाई; चिखलात तिचा एक पाय निघे तेव्हा दुसरा रुतून बसे. पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची, जुडी हातात घेऊन त्यांनी लावलेली ओळ अशी वळत गेली, की बाजूच्या बायांनी गाणं थांबवलं. मग सिस्टर धपकन बसल्याच चिखलात. पांढरी साडी नसली तरी जी होती तिचा रंग ओळखता येईना. बांधीतल्या सगळ्या बाया खिदळायला लागल्या. सिस्टर स्वतः सगळ्यांच्या वर. आणि आजी? आजी आधी ओठ घट्ट मिटून उभी होती. मग तिच्या नाकातून हसू फुटलं.

"अवो सिस्टर, हे रोवणं हाय का बैल मुतला हाय?"

त्यानंतर आजी त्यांना शिकवायला लागली. रोप कसं धरायचं, अंगठा कुठं, मागं कसं सरायचं. "वाक ना! इंजेक्शन देतानी वाकत नाही का?" दुपारपर्यंत दोघी शेजारी शेजारी मागे सरत होत्या. मी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून होतो. सिस्टरांनी विम्याचा, पायलचा, दवाखान्याचा एक शब्द काढला नाही. जेवायला सगळ्या बाया झाडाखाली बसल्या, तेव्हा आजीनंच काढला.

"सिस्टर, त्या विम्याचं खरं सांग. पोरगी मरन तेव्हाच भेटते ना तो?"

सिस्टरांनी घास खाली ठेवला. मग त्या एकदम सरसावून म्हणाल्या, "आजी, मेल्यावर त्याचा एक पैसा भेटत नाही."

"एकबी नाही?"

"एकबी नाही. तो विमा वेगळा, हा वेगळा. यात लेकराले जिवंत दवाखान्यात न्या लागते. त्याचं ऑपरेशन करते, औषध देते, जेवाले देते. मेलं का विमा खतम."

आजी विचारात पडली. "म्हंजे सरकारले पोरगी जित्ती पायजे?"

"हाव."

"अन् पोरगी गेली तं त्याईले काही फायदा नाही?"

"काहीच नाही."

"असा न मराचा विमा असते का कुठं?" आजी म्हणाली. मग बाजूच्या बाईकडे वळून, "ऐकलं का व? न मराचा विमा हाय म्हणते हा." आणि भाकरीचा तुकडा मोडत तिनं निकाल दिला, "रोवणं झालं का जाऊ. पण तू येशील संगं. मी एकटी त्या नागपुरात नाही जाणार."

नागपूरच्या त्या दवाखान्यात मुलांच्या हृदयाचा वॉर्ड खूप वरच्या मजल्यावर होता आणि तिथं सिस्टरांचं एक गुपित उघड झालं. त्या लिफ्टला भीत असत. लिफ्टचं दार लागलं की त्यांना दरदरून घाम फुटे. भागरताबाईनं जन्मात लिफ्ट पाहिली नव्हती, पण तिला तो प्रकार भलताच आवडला. ती पायलला घेऊन खाली-वर करायची, सिस्टर जिन्यावरून धापा टाकत पोचल्या की लिफ्टच्या दारात उभी राहून म्हणायची, "काहून वो सिस्टर, दम लागला? तुमचीबी छाती पाहा लागते." पायल पोट धरून हसायची.

पण सगळं असं हसण्यावारी नव्हतं. योजनेच्या टेबलाशी बसून कागद पुढे पाठवणारा आरोग्यमित्र चांगला माणूस होता, पण मंजुरी यायला वेळ लागत होता. मंजुरी आली तर पायलला ताप भरला. ऑपरेशन पुढे गेलं. भागरताबाईनं गाठोडं बांधलं. "देवाची मर्जी नाही," ती म्हणाली. "चाला घरी." मी त्या दिवशी काही औषधं पोचवायला गेलो होतो. पाहतो तर काय, सिस्टर त्या गाठोड्यावर बसलेल्या.

"उठ."

"नाही उठत."

"माही लुगडी हायेत त्यात. उठ!"

"आजी," सिस्टर म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज कधी नव्हे इतका खाली आला, "तुमी मले रोवणं शिकवलं. मी दहा खेपा पडली. तुमी एकदा तरी म्हटलं का, जाऊ दे, जाय घरी? ताप उतरतवरी थांबा. मग पोरीनंच म्हटलं घरी जाऊ, तं मी सोता गाठोडं डोक्यावर घेतो."

ममता पायलच्या उशाशी बसली होती. तिनं सासूकडे पाहिलं आणि त्या घरात बहुधा पहिल्यांदाच शेवटचा शब्द उच्चारला. "आपण थांबतो आत्याबाई. मी नाही येत."

आजी गाठोड्याच्या उरलेल्या टोकावर बसली. दोघी एकाच गाठोड्यावर, पाठीला पाठ लावून.

ताप उतरला. ऑपरेशनच्या दिवशी हैदराबादहून पायलचे वडीलही पोचले. सिस्टर सकाळपासून शिंगाड्यांचा डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. खात नव्हत्या, कुणाला देत नव्हत्या. दुपारी सर्जन बाहेर आले. तरुण होते, डोळे थकलेले. म्हणाले, "छान झालं. छिद्र बंद केलंय. पोरगी पळेल आता." ममतानं आजीचा हात घट्ट धरला. पायलचे वडील भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. सिस्टरांनी डबा उघडला, एक शिंगाडा सोलला आणि ते मोठे डॉक्टर 'अहो, अहो' म्हणत असताना सरळ त्यांच्या तोंडात कोंबला.

काही दिवसांनी वॉर्डात सिस्टरांनी स्टेथोस्कोप आजीच्या कानाला लावला आणि टोक पायलच्या छातीवर, पट्टीच्या बाजूला, अलगद टेकवलं. आजी ऐकत राहिली. मग कुणाला तरी झोपेतून उठवू नये तशा आवाजात म्हणाली, "थांबतच नाही व हे."

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. पाहुणे येतात, लग्नं जुळतात, दिवसाउजेडी चौकात दंडार रंगते, म्हणजे नाचगाण्याचा, सोंगांचा खेळ. त्या वर्षी एकोडीच्या मंडईला आजीनं आम्हा सगळ्या पथकाला जेवायला बोलावलं. दंडार चालू होती. मधल्या वेळात सोंगाड्यानं पुकारलं, "आमच्या पायलले नागपूरले नेणाऱ्या इंदूसिस्टर आलेल्या हायेत. त्याईनं दोन शब्द सांगावं!"

टाळ्या पडल्या. सिस्टर वर चढल्या, माइक हातात घेतला, समोरची एवढी गर्दी पाहिली आणि त्यांना शब्दच फुटेना. उभ्या शाळेला खिळवून ठेवणारी बाई पदर तोंडात धरून नुसती हसायला लागली. पेटीवाल्यानं सूर धरला, लोक शिट्ट्या मारायला लागले. शेवटी भागरताबाईच उठली. पायलचा हात धरून ती मंचावर चढली आणि माइक काढून घेतला.

"हे बाई नाही बोलत तं मी बोलतो," ती म्हणाली. "ज्याच्या घरी लेकरू दमते, निळं पडते, ज्याचा ओठ फाटला हाय, त्यानं हिले गाठा. पिवळं कार्ड, केशरी कार्ड, ज्याच्यापाशी हाय त्याच्या लेकराचा विमा हाय. भेऊ नका! मराचा नाही, न मराचा विमा हाय!"

आणि पायल मंचावरून खाली उडी मारून, गर्दीतून वाट काढत, थेट फुगेवाल्यापर्यंत पळत गेली. सगळी मंडई मान वळवून तिच्याकडे पाहत होती.

तेव्हापासून त्या भागात योजनेचं सरकारी नाव कुणी घेतलं नाही. आम्ही कोणत्याही गावात गेलो की बाया विचारत, "सिस्टर, तो न मराचा विमा आमाले बसते का?" बोरकर डॉक्टर एकदा जिल्ह्याच्या बैठकीत चुकून तसंच बोलून गेले म्हणतात.

एकदा गाडीत मी सिस्टरांना विचारलं होतं. मला वाटे, एवढा जीव टाकून कामाला भिडणाऱ्या बाईच्या मागे काही तरी दुःख असणार, घरातलं एखादं लेकरू गेलं असणार.

"नाही वो भाऊ. माहे दोन्ही पोरं धडधाकट. एक भंडाऱ्याले मास्तर हाय, पोरगी सासरी सुखात हाय. कोणाले साधा चष्मा नाही." त्यांनी शिंगाडा सोलून माझ्या हातावर ठेवला. "म्हणून तं. ते पळतानी, चिंचा पाडतानी, मार खातानी मी पाह्यलं हाय. किती मजा येते मायले पाहून! सगळ्या मायांले ते दिसावं का नाही?"

त्या निवृत्त झाल्या तेव्हा निरोपाच्या कार्यक्रमात भाषणं लांबली आणि त्या पहिल्या रांगेत बसून खुशाल झोपल्या. मग मलाही अमरावतीला नोकरी मिळाली. सामान बांधून निघालो त्या दिवशी लाखनीच्या बसथांब्यावर मी नागपूरच्या गाडीची वाट पाहत उभा होतो. ट्रक धडधडत जात होते. तेवढ्यात रस्त्याच्या कडेनं एक कोरी करकरीत स्कूटी वेडीवाकडी येताना दिसली. पुढे लाल रंगानं 'एल' लिहिलेलं. इंदूसिस्टर! अंगावर जांभळी साडी, डोक्यावर नातवाचं असावं असं चित्राचं हेल्मेट. आणि मागे एक भलामोठा, मिशाळ, पैलवानासारखा माणूस, दोन्ही हातांनी सीट घट्ट धरून, डोळे मिटून.

मी हाक मारली. त्यांनी ब्रेक ऐवजी आधी हॉर्न दाबला, मग पाय टेकून थांबल्या.

"चालले का भाऊ? जा, जा. मजेत राहा." मग अंगठा मागे करून म्हणाल्या, "याच्या लेकराचे पाय वाकडे हायेत जन्मापासून. आत्ता पलस्तर केलं तं सरळ होते. अन् हा म्हणते, दुकानातून टाइम नाही भेटत दवाखान्यात इचाराले. म्हटलं बस मागं, मीच नेतो."

"सिस्टर," तो माणूस कळवळून म्हणाला, "मी जातो जी! शप्पथ! लेकराले घेऊन उद्याच जातो. पण मले उतरू द्या, मी बसनं येतो!"

"आता बसलाच हाय तं बस," सिस्टर म्हणाल्या. स्कूटी झटक्यानं सुटली. एका ट्रकवाल्यानं लांबलचक हॉर्न दिला. त्यावर त्यांनीही आपला पीं-पीं वाजवून उत्तर दिलं. पैलवानानं आता सीट सोडून त्यांच्या खांद्याला मिठी मारली होती आणि साकोलीच्या दिशेनं दूर जाईपर्यंत त्यांचं ते खांदे हलवत चाललेलं हसू मला ट्रकांच्या आवाजातूनही ऐकू येत होतं.